आजींच्या आजोबांचे गाव

प्रस्तावना

पोटापाण्यासाठी गाव सोडणे ही जगभर घडत आलेली गोष्ट आहे. गाव सोडणारी पिढी गावाच्या आठवणी सांगते. पुढची पिढी त्या ऐकते. तिच्या पुढच्या पिढीला गावाचे केवळ नाव ठाऊक असते आणि नंतर तेही पुसट होते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत इटलीतून कोट्यवधी माणसे परदेशी गेली. त्यांचे वंशज आज पूर्वजांची गावे पाहण्यासाठी सहकुटुंब इटलीला जातात. अशा प्रवासाची तयारी कशी करावी लागते, तीत कोणत्या अडचणी येतात आणि त्या तयारीतून कुटुंबाच्या हाती काय लागते, हे या पाठात आपण पाहणार आहोत. पाठातील कुटुंब उदाहरणादाखल कल्पिलेले आहे. गावे, इतिहास आणि नोंदींच्या पद्धती मात्र खऱ्या आहेत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• इटलीतून झालेल्या स्थलांतराची कारणे सांगता येतील;
• कौटुंबिक आठवण आणि लेखी नोंद यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• प्रवासाचा क्रमवार आराखडा तयार करता येईल;
• माहिती मागणारे औपचारिक विनंतिपत्र लिहिता येईल.

मूळ पाठ

१. दोन गावे, एक नाव

दक्षिण इटलीत पुलिया नावाचा प्रदेश आहे. तेथील फोज्जा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत रोसेतो वालफोर्तोरे हे गाव वसलेले आहे. १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तरी दक्षिणेकडील शेतकऱ्यांचे हाल संपले नाहीत. जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती होती. कर जड होते. १८८० नंतर गव्हाचे भाव घसरले आणि मजुरीवर जगणाऱ्यांना गावात राहणे अशक्य झाले.

१८८२ च्या जानेवारी महिन्यात या गावातील दहा पुरुष व एक मुलगा असे अकरा जण अमेरिकेला निघाले. पेनसिल्व्हेनिया राज्यात बँगोर या गावाजवळ पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. तेथे त्यांना काम मिळाले. त्यांच्या मागोमाग भाऊ, मेहुणे, शेजारी असे शेकडो लोक आले. खाणीजवळच्या टेकडीवर त्यांनी घरे बांधली आणि वस्तीला आपल्या गावाचेच नाव दिले. १९१२ मध्ये अमेरिकेतील हे रोसेतो स्वतंत्र नगर म्हणून मान्य झाले.

त्या खाणींतील दगडापासून छपरांच्या फरश्या, शाळांतील फळे आणि मुलांच्या पाट्या तयार होत. १८६१ मध्ये इटलीतील सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते आणि दक्षिणेत हे प्रमाण त्याहून अधिक होते. पाटीचा दगड फोडणाऱ्या कामगारांपैकी अनेकांना स्वतःला पाटीवर लिहिता येत नव्हते. गावाकडे पत्र पाठवायचे झाल्यास ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे. म्हणूनच अशा कुटुंबांत लेखी आठवणी फार थोड्या उरतात.

२. समुद्र होता का?

आता अशाच एका कुटुंबाकडे वळू. हे कुटुंब फिलाडेल्फिया शहरात राहते. घरात ब्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू आहेत. आजींचे आजोबा इटलीहून येऊन बँगोरजवळच्या खाणीत कामाला लागले होते. त्यांचे गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आजींची फार दिवसांची इच्छा. अखेर मुलाने बारा रात्रींचा बेत आखला. त्यात रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस ही शहरे होती आणि रोसेतोसाठी एक दिवस राखला होता.

मुलाने नकाशा उघडला. रोसेतो हे नाव त्याला लगेच सापडले. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रोसेतो देली आब्रुत्सी हे गाव आहे. तेथे रेल्वे स्थानक आहे, समुद्रकिनारा आहे. मुले पोहू शकतील, आजींना चालावे लागणार नाही. तो हॉटेलसाठी आगाऊ रक्कम भरण्याच्या बेतात होता, तोच नातीने आजींना विचारले,

“आजी, तुझ्या आजोबांच्या गावाला समुद्र होता का गं?”

“समुद्र? छे! त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो नेपल्सला, बोटीत चढताना. आपलं गाव डोंगरात, असंच ते नेहमी सांगायचे.”

मुलाचा हात थांबला. इटलीत रोसेतो नावाने सुरू होणारी तीन गावे आहेत, हे त्याला तेव्हा समजले. एक आब्रुत्सो प्रदेशात, दुसरे कालाब्रिया प्रदेशात समुद्राजवळ आणि तिसरे पुलियातील डोंगरात. एका प्रश्नाने सारे कुटुंब चुकीच्या गावी जाता जाता वाचले. असा प्रश्न ज्यांना विचारता येईल, अशी घरात आजी ही एकच व्यक्ती उरली होती.

त्या दिवसापासून नातीने एक वही केली. रोज जेवणानंतर ती आजींना एक प्रश्न विचारी आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवी. आजोबांचा सण कोणता? घरात भाकरी कशी भाजत? आजीची आई कोठली? काही प्रश्नांना उत्तर मिळे, काहींना आजी नुसती मान हलवीत आणि म्हणत, “हे माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं.”

पाठगत प्रश्न १

(अ) रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
१. रोसेतो वालफोर्तोरे हे गाव ______ प्रदेशात आहे. (पुलिया / आब्रुत्सो / कालाब्रिया)
२. स्थलांतरितांना पेनसिल्व्हेनियात ______ खाणींत काम मिळाले. (कोळशाच्या / पाटीच्या दगडाच्या / लोखंडाच्या)

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
मुलाने निवडलेले गाव चुकीचे आहे, हे कशावरून कळले?

३. कागद काय सांगतात

आठवणीने दिशा दाखवली. परंतु आठवणीला आधार हवा होता. नोंदी शोधण्याची सुरुवात परदेशात करावयाची नसते, ती स्वतःच्या घरातील पेटीपासून करावयाची असते. आजींच्या पेटीत त्यांच्या वडिलांचा मृत्युदाखला निघाला. त्यावर वडिलांच्या आईचे माहेरचे नाव होते. आजोबांच्या नागरिकत्वाच्या कागदावर त्यांची जन्मतारीख होती.

पुढचा कागद न्यूयॉर्कचा होता. तेथील एलिस बेटावर १८९२ पासून १९५४ पर्यंत परदेशांतून येणाऱ्यांची तपासणी होत असे. जहाजांच्या उतारूंच्या याद्या आज संगणकावर पाहता येतात. १९०७ नंतरच्या याद्यांत उतारूचे जन्मस्थान आणि मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव व पत्ता यांची नोंद सापडते. आजींचे आजोबा १९०९ मध्ये आले होते. त्यांच्या नावापुढे लिहिले होते – रोसेतो, प्रांत फोज्जा. आजींचे बोलणे खरे ठरले.

एलिस बेटावरील कारकुनांनी लोकांची आडनावे बदलली, असा समज अनेक कुटुंबांत आहे. तो बरोबर नाही. याद्या जहाज सुटण्यापूर्वीच निघण्याच्या बंदरात तयार होत. बेटावरील अधिकारी त्या केवळ पडताळून पाहत. नावांची रूपे बहुधा पुढे शाळेत, कारखान्यात किंवा स्वतःच्या सोयीने बदलली. त्यामुळे शोध घेताना एकाच आडनावाची चार-पाच रूपे तपासावी लागतात.

आजोबांच्या पत्नीची नोंद मात्र काही केल्या सापडेना. अखेर सुनेच्या लक्षात आले की, इटलीत विवाहानंतरही कागदोपत्री स्त्रीचे माहेरचे नाव कायम राहते. मृत्युदाखल्यावरील माहेरच्या नावाने शोधताच १९११ च्या यादीत त्या सापडल्या. त्यांचे जन्मस्थान रोसेतो नव्हते, तर त्याला लागूनच असलेले बिक्कारी हे गाव होते. एका गावाचा शोध दोन गावांचा झाला. आजवर घरात ज्या स्त्रीच्या माहेराचा कधी उल्लेखही झाला नव्हता, तिलाही आता तिचे गाव मिळाले.

इटलीतील नोंदींची पद्धत समजून घेणे येथे आवश्यक आहे. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक गावाच्या नगरपालिकेत ठेवल्या जातात. बहुतेक इटलीत ही पद्धत १८६६ पासून सुरू झाली. दक्षिणेतील जुन्या नेपल्स राज्यात ती १८०९ पासून, तर सिसिलीत १८२० पासून होती. त्याआधीची माहिती चर्चच्या नोंदवह्यांत असते, कारण बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मसभेने केला होता. शासकीय पुराभिलेखागारांतील असंख्य नोंदवह्यांची छायाचित्रे ‘आंतेनाती’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ‘आंतेनाती’ म्हणजे पूर्वज.

तथापि केवळ नाव जुळले म्हणजे माणूस सापडला, असे होत नाही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव देण्याची प्रथा तेथे रूढ होती. त्यामुळे एकाच गावात, एकाच काळात, एकाच नावाचे चार चुलतभाऊ असू शकत. जन्मतारीख व आईवडिलांची नावे जुळली, तरच ती व्यक्ती आपली समजावी.

इतकी माहिती हाती आल्यावर कुटुंबाने दोन्ही नगरपालिकांच्या नोंदणी विभागांना पत्रे लिहिली. पत्र इटालियन भाषेत व अवघे दहा ओळींचे होते. त्यात पूर्वजाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, अर्जदाराशी असलेले नाते आणि हवा असलेला दाखला एवढाच मजकूर होता. लहान गावाच्या कार्यालयात कर्मचारी थोडे असतात. लांबलचक कौटुंबिक कथा वाचण्यास त्यांना वेळ नसतो. नेमकी विनंती मात्र त्यांना पूर्ण करता येते.

४. प्रवासाचा आराखडा

गावे निश्चित झाल्यावर जुना बेत पुन्हा तपासावा लागला. रोमहून फोज्जाला रेल्वेने पोहोचण्यास सुमारे तीन तास लागतात. तेथून पुढे डोंगरातील वळणाचा रस्ता आहे. एका दिवसात जाऊन परतायचे, तर आजींचा सारा दिवस गाडीतच गेला असता. गावासाठी अधिक दिवस द्यायचे, तर एखादे शहर सोडावे लागणार होते. नातवाला व्हेनिसच्या होड्या पाहायच्या होत्या, तो रुसला. त्यावर आजी म्हणाल्या, “व्हेनिस तुला पुढेही पाहता येईल. माझ्याबरोबर रोसेतो मात्र आत्ताच पाहता येईल.” नातवाचा रुसवा तेवढ्याने गेला नाही, परंतु नेपल्सजवळचे पाँपेई, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले नगर, दाखवण्याचे कबूल केल्यावर तो राजी झाला.

असा नवा आराखडा तयार झाला :

रविवार ते गुरुवार – रोम, चार रात्री. लांबच्या विमानप्रवासानंतर विश्रांती व शहरदर्शन.
गुरुवार ते मंगळवार – रोसेतो व बिक्कारी, पाच रात्री.
मंगळवार ते शुक्रवार – नेपल्स, तीन रात्री. पाँपेई आणि नेपल्सचे बंदर.

या मांडणीमागे विचार होता. नगरपालिकेची कार्यालये मुख्यतः सकाळी व कामाच्या दिवशी उघडी असतात; म्हणून शुक्रवार व सोमवार गावात मिळतील असे पाहिले. रविवारी चर्चमधील प्रार्थनेनंतर गावकरी चौकात भेटतात. म्हणून रविवारही गावातच ठेवला. दुपारी दुकाने बंद असतात. तो वेळ आजींच्या विश्रांतीस योग्य ठरला. नेपल्सचे बंदर शेवटी घेतले, कारण आजोबा तेथूनच जहाजात चढले होते.

ऋतूचाही विचार झाला. ऑगस्टमध्ये कडक उन्हाळा असतो आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या सुमारास इटलीतील बरीच कार्यालये व दुकाने बंद असतात. म्हणून मुलांच्या शाळेला सुटी लागताच, जूनच्या उत्तरार्धात निघण्याचे ठरले. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवानगीवाचून मोटार नेल्यास दंड होतो. म्हणून मोटार रोममध्ये न घेता फोज्जा येथे भाड्याने घ्यायचे ठरले. मुलाने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला. डोंगरातील गावांच्या गल्ल्या चढउताराच्या असतात. म्हणून राहण्याची खोली तळमजल्यावर मागितली.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते सांगा.
१. एलिस बेटावरील कारकून उतारूंची आडनावे बदलत असत.
२. इटलीत विवाहानंतरही कागदोपत्री स्त्रीचे माहेरचे नाव कायम राहते.
३. कुटुंबाने रोममध्ये मोटार भाड्याने घेण्याचे ठरवले.

५. काय सापडेल, काय सापडणार नाही

निघण्यापूर्वी आणखी एक तयारी आवश्यक होती, ती मनाची. आजींना आजोबांच्या आईवडिलांच्या थडग्यावर फुले वाहायची होती. परंतु इटलीतील दफनभूमींत जमिनीतील साधे थडगे कायमचे नसते. ठरावीक काळानंतर, साधारणपणे दहा वर्षांनी, अवशेष काढून अस्थिगृहात ठेवले जातात आणि ती जागा दुसऱ्याला दिली जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या गरीब शेतमजुराचे थडगे आज सापडण्याची आशा जवळजवळ नसते. मुलाने हे आजींना आधीच सांगितले. ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फुलं चौकातल्या स्मारकापाशी ठेवू.” इटलीतील बहुतेक गावांत पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेले स्मारक असते. आपले आडनाव तेथे दिसू शकते, हे आजींनी वहीतल्या टिपणांतून वाचले होते.

गावाविषयीही काही गोष्टी समजून घ्याव्या लागल्या. रोसेतो वालफोर्तोरे येथे आज सुमारे एक हजार लोक राहतात. तरुण मंडळी कामासाठी शहरांकडे जातात. परदेशांतून येणाऱ्या वंशजांचे अशा गावांत अगत्य असते; इटलीच्या शासनाने २०२४ हे वर्ष ‘मुळांकडे प्रवास’ या कल्पनेसाठी विशेष म्हणून पाळले होते. परंतु गाव हे काही प्रदर्शन नव्हे. कोणाच्याही दारात जाऊन “हे आमच्या पूर्वजांचे घर” असे म्हणणे योग्य नव्हे, कारण आज ते दुसऱ्या कोणाचे घर आहे. छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी आणि चार इटालियन वाक्ये शिकून जावे, असे मुलांना सांगण्यात आले. भेट म्हणून नातीने एक वस्तू निवडली – बँगोरजवळच्या दगडाची एक जुनी शालेय पाटी.

निघण्यास महिना उरला असताना रोसेतोच्या नगरपालिकेचे उत्तर आले. सोबत आजोबांच्या १८८४ मधील जन्मनोंदीची प्रत होती. तीत आईवडिलांची नावे होती, वडिलांचा व्यवसाय शेतमजूर असा लिहिला होता आणि मूल ज्या गल्लीतील घरात जन्मले तिचे नावही होते. शेवटी कारकुनाने एक ओळ लिहिली होती : नोंद वाचून दाखवली, वडिलांना लिहिता येत नसल्याने त्यांनी सही केली नाही.

मुलाने ती ओळ दोनदा वाचून दाखवली. आजींनी नातीकडून वही मागून घेतली. गल्लीचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने, सावकाश, पहिल्या पानावर लिहिले. त्याखाली आपली सही केली आणि तारीख घातली.

शब्दार्थ

स्थलांतर – एक ठिकाण सोडून दुसरीकडे राहावयास जाणे
उतारू – प्रवासी
पुराभिलेखागार – जुनी कागदपत्रे जतन करून ठेवण्याची जागा
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मातील दीक्षाविधी
अस्थिगृह – अस्थी ठेवण्याची जागा
अगत्य – आपुलकीने केलेले स्वागत

भाषाभ्यास

‘ज’ या प्रत्ययाचा अर्थ ‘जन्मलेला’ असा आहे. पूर्वी जन्मलेला तो पूर्वज. वंशात जन्मलेला तो वंशज. त्याचप्रमाणे ‘अग्रज’ व ‘अनुज’ या शब्दांचे अर्थ शब्दकोशात पाहा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

आपण काय शिकलो

• दारिद्र्य, करांचे ओझे व जमिनीचा अभाव यांमुळे दक्षिण इटलीतील लोक परदेशी गेले.
• पूर्वजांच्या गावाचा शोध घरातील वृद्धांच्या आठवणींपासून सुरू करावा आणि कागदपत्रांनी पडताळून पाहावा.
• पूर्वजांच्या गावाची भेट हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल, तर बाकीचा आराखडा त्याभोवती बसवावा लागतो.
• जे लिहून ठेवले जात नाही, ते दोन-तीन पिढ्यांत नाहीसे होते.

स्वाध्याय

१. आजोबांच्या पत्नीची नोंद प्रथम का सापडली नाही? ती पुढे कशी सापडली?
२. नव्या आराखड्यात रविवार गावात का ठेवला? नेपल्स शेवटी का घेतले?
३. ‘गाव हे काही प्रदर्शन नव्हे’ या विधानाचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
४. जन्मनोंदीची प्रत आल्यावर आजींनी वहीत स्वतः लिहिले व सही केली. यामागील त्यांची भावना आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.
५. आपल्या जन्माचा दाखला मिळावा म्हणून नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस विनंतिपत्र लिहा. पत्र दहा ओळींपेक्षा मोठे नसावे.

उपक्रम

अनेक मराठी आडनावे गावाच्या नावास ‘कर’ जोडून झालेली आहेत. आपल्या किंवा परिचयातील एखाद्या आडनावामागे कोणते गाव आहे, ते शोधा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस मूळ गावाविषयी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून त्याखाली तारीख घाला.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) १. पुलिया २. पाटीच्या दगडाच्या (आ) आजोबांचे गाव डोंगरात होते व त्यांनी समुद्र पहिल्यांदा नेपल्सला पाहिला, असे आजींनी सांगितल्यावरून कळले.
पाठगत प्रश्न २ : १. चूक २. बरोबर ३. चूक